साचा पसंत पडेपर्यंत

दुपारी वर्कशॉपचं शटर खाली ओढलं की खाबुऱ्यात रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. चार वाजेपर्यंत सगळं गाव झोपतं. त्या उन्हाळ्यात मी तेवढा झोपत नव्हतो, कारण मी डबा उघडायला आणि अर्बाबचा फोन यायला एकच गाठ पडायची. "ताल, सदीक," एवढंच तो म्हणायचा. ये, मित्रा. मित्राला नाही म्हणता येतं. मालक मित्र म्हणून बोलवायला लागला की संपलंच.

मी टर्नर आहे. आयटीआय करून कुडाळला काही वर्षं काढली आणि मग इकडे आखातात आलो. इथल्या शेतांतल्या पाण्याच्या पंपांचे शाफ्ट, मासेमारी बोटींच्या पंख्यांचे शाफ्ट, झिजलेली बुशं, असलं सगळं आमच्या लेथवर येतं. अर्बाब म्हणजे या वर्कशॉपचा मालक. सत्तरी ओलांडलेला, उंच, कायम अत्तराचा वास येणारा. वर्कशॉपच्या मागेच त्याची खजुरांची बाग, शेळ्यांचा वाडा आणि पाहुण्यांना बसवायची मजलिसची खोली. बायको गेलेली, मुली लग्न होऊन गेलेल्या. एकुलता मुलगा मस्कतला, कुरुममध्ये कुठल्याशा ऑफिसात साहेब. तरुणपणी मुंबईच्या फेऱ्या केल्यामुळे अर्बाबला हिंदी येतं, म्हणजे आम्ही दोघंही जे बोलतो त्याला आम्ही हिंदी म्हणतो.

सुरुवात माझ्या फोनमधल्या एका फोटोपासून झाली. फोटोत माझे बाबा आमच्या खळ्यात खांद्याला बंदूक लावून उभे आहेत. कोकणात शेताच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना मिळतो, तशी आमची एकनळी आहे. अर्बाबनं वर्कशॉपमध्ये सहज डोकावताना फोन डोळ्यांशी नेऊन तो फोटो पाहिला आणि मला हाताला धरून मजलिसमध्ये नेलं. तिथे भिंतीवर खिळ्याला त्याच्या वडिलांची बारा बोअरची बंदूक टांगलेली होती. त्यानं मला गालिच्यावर बसवलं, खजुरांची ताटली पुढे सरकवली आणि विचारलं, "तुम्हारा बाबा क्या मारता है?"

रानडुक्कर. शब्द ओठांवर आला होता. पण समोर खजूर, त्याच्या हातात जपमाळ, नुकताच तो नमाज पढून आलेला. अशा खोलीत डुकराचं नाव काढायचं? आमच्याकडे समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून अर्धं बोलणं गिळायची सवय लहानपणापासून लागते. मी म्हणालो, "एक जंगली जानवर है, अर्बाब. खेती खराब करता है."

"कितना बड़ा?"

मी हात पसरले. जरा जास्तच पसरले.

"दाँत है?"

मी दोन्ही बोटं तोंडाशी नेऊन सुळे दाखवले. अर्बाबनं "माशाल्ला" म्हटलं आणि माझ्याकडे नव्या नजरेनं पाहिलं. त्या दिवसापासून माझे बाबा खाबुऱ्यात मोठे शिकारी झाले. मजलिसमध्ये कुणी आलं की अर्बाब माझी ओळख करून द्यायचा, की याचा बाप हत्तीच्या लहान भावाला एका गोळीत पाडतो. मी मान खाली घालून कहवा प्यायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

वास्तविक बंदूक म्हटली की मला आठवतात ते कानावर घट्ट दाबलेले माझे स्वतःचे हात. लहानपणी बाबांचा बार निघाला की मी आईच्या पदरात तोंड खुपसायचो. मोठा झाल्यावरही कधी रानात त्यांच्याबरोबर बसलो नाही. पण गोळ्या ओतायच्या दिवशी मात्र मी चुलीपाशी असायचो. बाबा शिसं वितळवायचे आणि सांडशीसारखे दोन दांडे असलेल्या साच्यात ओतायचे. तो साचा गावातल्या लोहारानं आजोबांना करून दिला होता. साचा उघडला की चकचकीत गोळी बाहेर घरंगळायची. ते मला आवडायचं, आणि मूर्खासारखं मी तेही अर्बाबला रंगवून सांगितलं.

तिथेच मी अडकलो. अर्बाबच्या शेळ्यांच्या वाड्यापाशी कोल्हा यायचा. त्याचं म्हणणं, छर्ऱ्याच्या काडतुसानं आता कोल्हा पडत नाही, एकच मोठी गोळी पाहिजे, आणि ती घरी ओतायची. मुलानं दिलेल्या टॅबवर त्यानं कुणाकडून तरी असल्या साच्यांची चित्रं काढून घेतली होती. ढीगभर चित्रं. त्यातला एक आम्ही पसंत करायचा आणि मी तो लेथवर करून द्यायचा. शिकाऱ्याचा मुलगा, वर टर्नर. माझ्याहून लायक माणूस अख्ख्या किनाऱ्यावर कोण मिळणार होता?

बंदूक त्याची, परवाना त्याचा, देश त्याचा. पण साच्यावर हत्यार चालणार होतं माझं. परदेशी माणसानं इथे गोळी-बारूदाच्या वाटेला जाऊ नये हे आल्या आल्याच सांगतात, आणि सांगितलं नाही तरी कळतं. उद्या कुणी विचारलं तर अर्बाब म्हातारा माणूस म्हणून घरी बसेल आणि मी कुठे बसेन, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मी चाचरत काहीतरी म्हणालो. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि विषय संपला.

त्याच आठवड्यात बायकोचा गावाहून फोन आला. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता हे मला माहीत होतं. ऑपरेशनला ते तयार नव्हते, तेही माहीत होतं. बाबा अजून बंदूक घेऊन रानात जातात हे मात्र माहीत नव्हतं.

"काल रानात आवाजावर बार काढल्यानी," ती म्हणाली. "गोळी शेजारच्या गोठ्याच्या दारात बसली. काकी नुकतीच दूध काढून घरात गेलेली. तुमी येवा. माका भय वाटता."

"तू बंदूक लपवून ठेव."

"माझ्याच्यान नाय होवचा. मी हात लावलंय तर घर डोक्यार घेतत. तुमच्याशिवाय ते कोणाक देवचे नाय. फुडच्या खेपेक कोण तरी मरतला, सांगून ठेवतंय."

तिचं खोटं नव्हतं. मागच्या निवडणुकीत सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतल्या होत्या. सुटल्याबरोबर बाबा एकटे एसटीनं जाऊन आपली परत घेऊन आले, स्टँडवर गाडीची पाटी लोकांकडून वाचून घेत. ज्या माणसाला गाडीची पाटी दिसत नाही त्याच्या हातात भरलेली बंदूक होती, आणि संध्याकाळ झाली की तो रानाकडे निघत होता. माझी मुलगी त्याच पायवाटेनं शिकवणीहून घरी येते.

दुसऱ्याच दुपारी मी अर्बाबकडे सुट्टी मागितली. "बाबा बीमार है." हे वाक्य त्यानं आयुष्यभरात किती कामगारांच्या तोंडून ऐकलं असेल कोण जाणे. सुट्टी मागणाऱ्या प्रत्येकाचा बाप आजारीच असतो. अर्बाबनं सहानुभूतीनं मान हलवली आणि टॅब माझ्यापुढे केला. "पहले साचा, फिर छुट्टी. इन्शाल्ला."

झालं. साचा पसंत केला तर तो बनवायचा, म्हणजे गळ्यात फास. पसंत नाही केला तर सुट्टी नाही, आणि तिकडे कुणाचा तरी जीव जायचा. मी मधला मार्ग काढला, जो आमच्याकडचा माणूस नेहमी काढतो. नाही म्हणायचं नाही, खोट काढत राहायचं. अर्बाब कंटाळेल, नाद सोडेल आणि सुट्टी देऊन टाकेल असा माझा हिशेब होता.

रोज दुपारी आम्ही गालिच्यावर मांडी घालून चित्रं बघायचो. हा गोल गोळीचा, पण दोन अर्धे नीट मिटले नाहीत तर गोळीला शिवण राहील. हा दुसरा, गोळीच्या बुडाला पोकळी ठेवणारा, पण मधला खिळा जरा तिरका बसला की सगळं वाया. याचे दांडे आखूड, हात भाजेल. त्याचा धातू हलका, टिकणार नाही. अर्बाब सगळं मन लावून ऐकायचा, "सही, सही" म्हणायचा आणि पुढचं चित्र काढायचा. कंटाळण्याचं नाव नाही. उलट माझी खोट काढायची पद्धत त्याला भारीच आवडली. त्यानं माझ्यासाठी मस्कती हलवा मागवून ठेवायला सुरुवात केली.

बाहेर ऊन असं की दाराच्या कडीला हात लावता येऊ नये. आत एसीची घरघर, पडदे ओढलेले, भिंतीवर बंदूक, आणि माझ्या शेजारी हा म्हातारा एकामागून एक साचे दाखवतोय. संध्याकाळी बायकोला फोन करायचा मला धीर होत नसे. तिनं उचलायला उशीर केला की मी रिंगा मोजत बसायचो. खोलीवरचे सोबती म्हणायचे, तुझं बरं आहे, अर्बाबचा लाडका झालास. त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची.

एके दिवशी त्यानं मोठ्या खुशीत टॅब पुढे केला. "यह शूफ, देखो. एक टाइम में बारह निकलेगा."

मी पाहिलं. केकचा साचा होता. शिंपल्याच्या आकाराचे बारा खळगे असलेला, बेकरीतला. साचे शोधता शोधता तोही कुठून तरी येऊन बसला असणार. मला वाटलं तो माझी फिरकी घेतोय. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो वाट बघत होता, नेहमीसारखीच, मी काय खोट काढतो याची.

"यह एल्युमिनियम है, अर्बाब," मी म्हणालो. "नहीं चलेगा."

"सही, सही," तो म्हणाला आणि कहवा ओतायला वळला. तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. कपाच्या कडेवर त्यानं बोटाचं टोक टेकवून ठेवलं होतं आणि गरम कहवा बोटाला लागला तेव्हा ओतणं थांबवलं. हे तो रोज करत होता. मी रोज त्याच्या शेजारी बसत होतो आणि मला वाटत होतं ती त्याची लकब आहे.

छर्ऱ्यानं कोल्हा का पडत नव्हता ते मला त्या क्षणी कळलं. कोल्हाच दिसत नव्हता. आणि त्याहून वाईट म्हणजे माझी एकुलती एक वाट बंद झाली. सुट्टी मिळवायची तर खरं कारण सांगणं हाच उपाय मी मनात शेवटचा म्हणून राखून ठेवला होता. ते कारण काय? की माझ्या म्हाताऱ्या बापाला दिसत नाही, तो आवाजावर गोळ्या झाडतो, त्याच्या हातातली बंदूक काढून घ्यायला मला जायचंय. हे कुणापुढे बोलायचं? ज्याला दिसत नाही आणि ज्याच्या भिंतीवर बंदूक आहे त्याच्यापुढे. मी तोंड उघडलं असतं तर ते बाबांबद्दल राहिलंच नसतं. आणखी काही दिवस तसेच गेले, आणि त्या दिवसांत मी जितका चिडलो तितका आयुष्यात कधी चिडलो नसेन. त्याच्यावर, बाबांवर, त्या लोहारावर, स्वतःच्या जिभेवर.

शेवटी अर्बाबनंच घाई केली. त्या दुपारी त्यानं टॅब बंदच ठेवला होता. "खलास," तो म्हणाला. "आज पसंत करेंगे. कल से तुम लेथ पे काम चालू करो. परसों छुट्टी का बात." रात्री कोल्ह्यानं एक करडू नेलं होतं, असं म्हणाला. आज रात्री तो घरातल्या काडतुसांवरच वाड्यापाशी बसणार होता. वाड्याला लागूनच शेळ्या राखणाऱ्या बंगाल्याची खाट असते. तो उन्हाळ्यात बाहेरच झोपतो.

माझ्या डोळ्यांपुढे गोठ्याचं दार आलं. मी कप खाली ठेवला.

"अर्बाब, मेरा बाबा जो जानवर मारता है, वो खिंझीर है."

खिंझीर म्हणजे डुक्कर. अर्बाबचा मण्यांवरचा अंगठा थांबला. एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. मी सगळं सांगून टाकलं. बाबांचे डोळे, एसटीची पाटी, आवाजावरचा बार, गोठ्यातली काकी, पायवाट, मुलगी. ती बंदूक मला त्यांच्याकडून घ्यायची आहे, आजारपण वगैरे काही नाही, आणि ती कशी घ्यायची ते मला माहीत नाही. केकच्या साच्याचं सांगितलं नाही. तेवढी माणुसकी राखली.

आता आपली नोकरी गेली असं मी धरून चाललो. मग त्यानं विचारलं, "खिंझीर का पहले दिन क्यों नहीं बोला?"

"आपको बुरा लगेगा करके."

"पहले दिन बोलता तो मैं तुमको दुबारा नहीं बुलाता." त्यानं जपमाळ खिशात टाकली. "अच्छा किया नहीं बोला."

साच्याचं नाव त्यानं काढलं नाही. उठून तो भिंतीपाशी गेला, बंदुकीच्या नळीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "छीनना नहीं. बोलना, मेरे को चाहिए. बाप से माँगना." सुट्टी त्यानं त्याच दिवशी दिली. त्या रात्री तो वाड्यापाशी बसला नाही, असं बंगाल्यानं सकाळी सांगितलं.

गावी पोचलो तेव्हा बाबा खळ्यातच बसले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, पण माझ्या जरा उजवीकडे बघून हसले. दोन दिवस मी विषय काढायला धजलो नाही. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ते बंदूक घेऊन उठले, तेव्हा मी आडवा आलो.

"बाबा, माका बंदूक व्हयी."

"तुका? कित्याक?"

"मी आता हयच रवतलंय. परत जावचंय नाय. रानात मीच बसतलंय. तुमी माझ्या नावार करून देवा."

ते कधी घडणार नव्हतं. मुलीचं शिक्षण, घराचं अर्धं बांधकाम, सगळं त्या खाबुऱ्याच्या लेथवर चाललंय. पण दुसरं काही सुचलं नाही. मला वाटलं होतं भांडतील, शिव्या देतील. बाबांनी बंदूक उघडून काडतूस काढलं, खिशात टाकलं आणि बंदूक माझ्या हातात दिली. मग आत जाऊन फडक्यात बांधलेला साचा आणला. "हो पण घे," म्हणाले. "लोहार आता गावात नाय."

दुसऱ्या दिवशी मी बंदूक ठाण्यात जमा केली. बाबांना सांगितलं, नाव बदलायला दिलीय, वेळ लागेल. सुट्टी संपली तेव्हा सांगितलं, तिकडचं काम आटपून येतो. ते "बरा" म्हणाले. बायको माझ्याकडे बघत नव्हती.

परत आल्यावर पहिल्याच दुपारी अर्बाबचा फोन आला. "ताल, सदीक." मजलिसमध्ये गेलो तर भिंतीवर नुसता खिळा होता. बसलो. बोट टेकवून त्यानं कहवा ओतला.

"दिया?"

"दिया, अर्बाब. मैंने बोला मेरे को चाहिए. अब मैं गाँव में ही रहेगा, बोला."

त्यानं मान हलवली. मी खिळ्याकडे बघतोय हे त्याला कसं कळलं कोण जाणे. "हमारा लड़का ले गया," तो म्हणाला. "तुम गया, उसके बाद जुमे को आया. मैंने उसको सब बोला, खिंझीर का, तुम्हारा बाबा का. फिर वो बोला, बाबा, यह मेरे को दो, मैं चलाएगा, बच्चों को सिखाएगा. हर जुमे को लाएगा, साथ में चलाएँगे."

"अच्छा है," मी म्हणालो.

"वो डरता है बंदूक से. बचपन से. मैं चलाता तो अपनी माँ के पीछे छुपता, कान बंद करके." अर्बाब हसला. "मेरे को मालूम था झूठ है."

"फिर दिया क्यों?"

"माँगा ना," तो म्हणाला. "कितना साल बाद कुछ माँगा."

मी कप हातात तसाच धरून बसलो. बाबा दर आठवड्याला फोनवर बोलतात. पावसाचं, काजूंचं, गुडघ्याचं सगळं सांगतात. बंदूक ठाण्यातून कधी सुटणार, हे त्यांनी एकदाही विचारलेलं नाही. मी परत कधी येणार, तेही नाही. त्यांना आता विसरायला होतं अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

अर्बाबनं टॅब उघडला, बोटानं चाचपत एक चित्र मोठं केलं आणि माझ्यापुढे धरलं. बंदूक मस्कतला होती, आणि तो विचारत होता की हा साचा कसा वाटतो. वर्कशॉप उघडायला अजून बराच वेळ होता.

"दांडे छोटे हैं, अर्बाब," मी म्हणालो. "हात जलेगा."

"सही, सही," म्हणत त्यानं पुढचं चित्र काढलं.